विश्लेषण : परराष्ट्र अधिकारी कसे घडतात? मुत्सद्देगिरी बदलली, प्रशिक्षण बदलले का?

१ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. ऐन हंगामात हापूसची युरोपची वाट बंद झाली. ती पुन्हा उघडण्याचा निर्णय झाला जानेवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात आंब्याची चव बदलली नव्हती. बदलली होती ती तपासणीची पद्धत, आणि तीविषयी दिल्ली आणि ब्रसेल्स यांच्यात झालेली बोलणी. राजदूत म्हणजे मेजवान्या, हस्तांदोलन आणि काळी मोटार अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हे काम आता आंब्यावरच्या फळमाशीपासून मोबाइलमधल्या चिपपर्यंत पोहोचले आहे. हे काम करणारे भारतीय अधिकारी कसे निवडले जातात, त्यांना काय शिकवले जाते आणि ते पुरेसे आहे का?

आंब्याचा मुत्सद्देगिरीशी संबंध काय?

२०१३ या एका वर्षात भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि अन्य किडी आढळल्याचे महासंघाचे म्हणणे होते. त्यावर ‘आमचा हापूस जगात भारी’ हे उत्तर चालत नाही. आंब्यावर कोणती प्रक्रिया केली, पॅक हाऊसमध्ये तपासणी कोण करतो, प्रमाणपत्र कोण देतो, याचा पुरावा द्यावा लागतो. भारताने निर्यातीची तपासणी व्यवस्था सुधारली. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय पथक ती पाहून गेले. त्यानंतर सदस्य देशांच्या समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे जवळपास १८ वर्षे भारतीय आंब्याला प्रवेश नव्हता. २००७ मध्ये तो मिळाला, पण विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे विकिरण केंद्र उपयोगी पडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते मुळात कांद्यासाठी उभारले होते. त्याच बोलण्यांत अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींसाठी भारताची बाजारपेठ उघडण्याचा मार्गही निघाला. म्हणजे आंबा विकायचा तर कीटकशास्त्र, अणुविज्ञान आणि वाहनांच्या धुराचे निकष हे सगळे एकाच टेबलावर येते. या टेबलाशी बसणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे विषय येत नसतात. पण कोणाला विचारायचे, काय मागायचे आणि काय सोडायचे, हे त्याला कळावे लागते.

पूर्वी दूताचे काम काय असायचे?

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. पेशवाईत दूताला ‘वकील’ म्हणत. हिंगणे घराण्याने दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली केली, तर गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते. दरबारात कोणाचे वजन वाढले, कोणाचे घटले, खजिन्यात पैसा किती, फौज कुठे निघाली, हे पत्रांतून पुण्याला कळवायचे हे त्यांचे काम. पत्र पोहोचायला दिवस लागत. त्यामुळे अनेकदा वकिलाला स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यावा लागे.

आधुनिक काळात या कामाची चौकट १९६१ च्या व्हिएन्ना कराराने घालून दिली. आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणे, आपल्या नागरिकांचे हितरक्षण, वाटाघाटी, कायदेशीर मार्गाने माहिती मिळवून ती मायदेशी कळवणे आणि मैत्रीचे संबंध वाढवणे, अशी दूतावासाची कामे त्यात दिली आहेत. दूताला अटक करता येत नाही आणि दूतावासात परवानगीशिवाय शिरता येत नाही, हेही याच करारातले. एखादा अधिकारी नको असेल तर यजमान देश कारण न देता त्याला परत पाठवायला सांगू शकतो.

दूताने दिलेल्या माहितीचे मोल किती असू शकते, याचे एक भारतीय उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी भारताचे बीजिंगमधील राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतले. अमेरिकी फौजांनी ३८ वे अक्षांश ओलांडले तर चीन युद्धात उतरेल, असा निरोप त्यांनी दिला. दिल्लीमार्फत तो वॉशिंग्टनला पोहोचला. तिथे पणिक्कर यांच्यावर फारसा विश्वास नव्हता, म्हणून तो गांभीर्याने घेतला गेला नाही. काही आठवड्यांत चिनी सैन्य कोरियात उतरले. निरोप अचूक असून भागत नाही, तो आणणाऱ्यावर विश्वासही असावा लागतो, हा धडा तेव्हापासून सांगितला जातो.

मग बदलले काय?

पहिला बदल वेगाचा. दोन देशांचे नेते आता थेट फोनवर बोलतात, संदेश पाठवतात. करोनाच्या काळात शिखर परिषदाही पडद्यावर झाल्या. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची पहिली आभासी द्विपक्षीय शिखर बैठक ४ जून २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांशी झाली. १० मे २०२५ रोजी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची पहिली घोषणा जगाने वाचली ती अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समाजमाध्यमावरील संदेशातून. शस्त्रसंधी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधील थेट बोलण्यातून ठरल्याची भूमिका भारताने मांडली. पण तोवर जगभरच्या मथळ्यांत दुसरीच कथा पोहोचली होती. अशा वेळी परराष्ट्र मंत्रालयाकडे उत्तरासाठी दिवस नसतात, मिनिटे असतात.

दुसरा बदल, या मैदानात आता एकटे परराष्ट्र खाते नाही. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर भारताची बाजू मांडण्यासाठी सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे विविध देशांत गेली. त्यातील दोघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खासदारांकडे होते, सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे. एक विरोधी पक्षातले, एक सत्ताधारी आघाडीतले. खासदार, उद्योगपती, अनिवासी भारतीय, शास्त्रज्ञ, राज्य सरकारे असे सगळेच आज थोडीबहुत मुत्सद्देगिरी करतात. त्यांच्या भेटी ठरवणे, त्यांना माहिती पुरवणे आणि ते परतल्यावर धागा सुटू न देणे हे काम मात्र दूतावासाचेच राहते.

तिसरा बदल विषयांचा. सेमीकंडक्टर, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर हल्ले, डेटा कुठे साठवायचा, हवामान बदल, लशी आणि दुर्मीळ खनिजे हे आज परराष्ट्र धोरणाचे विषय आहेत. डेन्मार्कने २०१७ मध्ये थेट ‘तंत्रज्ञान राजदूत’ नेमला आणि त्याचे कार्यालय सिलिकॉन व्हॅलीत थाटले. काही कंपन्यांचा प्रभाव अनेक देशांपेक्षा जास्त आहे, मग त्यांच्याशीही बोलणारा राजदूत हवा, हा त्यामागचा साधा हिशेब. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये नव्या आणि सामरिक तंत्रज्ञानासाठी ‘नेस्ट’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला.

चौथा बदल व्यापाराचा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कापड, कोळंबी आणि हिऱ्यांच्या व्यवसायातल्या लोकांना परराष्ट्र धोरण एका रात्रीत समजले.

परदेशात अडकलेल्यांसाठी दूतावास काय करू शकतो?

सामान्य माणसाचा दूतावासाशी संबंध येतो तो बहुतेक वेळा अडचणीत. पासपोर्ट हरवतो, नोकरीत फसवणूक होते, अपघात होतो किंवा अचानक युद्ध सुरू होते. परदेशात भारतीय आणि भारतीय वंशाचे मिळून सुमारे साडेतीन कोटी लोक आहेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक होती.

युद्ध पेटले की काय करावे लागते, हे २०२२ मध्ये युक्रेनमध्ये दिसले. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले. त्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. युक्रेनचे आकाश बंद होते. त्यामुळे पोलंड, रोमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवर बस, तात्पुरता निवारा, प्रवासाची कागदपत्रे आणि विमाने यांची जुळवाजुळव करावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये येमेनमधून ४,६०० हून अधिक भारतीयांबरोबर ४१ देशांच्या सुमारे ९६० नागरिकांनाही भारताने बाहेर काढले होते.

नवे संकट वेगळ्याच तऱ्हेचे आहे. ‘डेटा एंट्री’च्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना आग्नेय आशियात नेले जाते आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले जाते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. फोन करून पैसे उकळायला लावले गेलेले हे तरुण गुन्हेगार की पीडित, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सरळ सुटत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला थायलंडचे कायदे, म्यानमारमधील सशस्त्र गट आणि घाबरलेले आई-वडील या तिन्हींशी एकाच दिवसात बोलावे लागते.

दूतावास काय करू शकत नाही, हेही कळायला हवे. तो दुसऱ्या देशाच्या तुरुंगातून कोणाला सोडवून आणण्याचा हुकूम देऊ शकत नाही. पण १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील आपल्या नागरिकाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा आणि त्याला वकील मिळवून देण्याचा हक्क त्याला आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताने याच हक्कावर बोट ठेवले. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मताने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचे म्हटले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. जाधव अजून परतलेले नाहीत. निकाल जिंकणे आणि माणूस घरी आणणे यांत किती अंतर असते, हेही याच प्रकरणातून दिसते. कतारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या आठ माजी नौसैनिकांची फेब्रुवारी २०२४ मधील सुटका हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. तिथे जाहीर भांडण झाले नाही. न्यायालयातील अपील आणि पडद्यामागची बोलणी दोन्ही शांतपणे चालू राहिली.

परराष्ट्र सेवेत प्रवेश कसा मिळतो?

भारतीय परराष्ट्र सेवा, म्हणजे आयएफएस, स्थापन करण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ चा. आजही तो दिवस सेवेचा स्थापना दिन म्हणून पाळला जातो. आयएएस, आयपीएससाठी जी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, तीच परराष्ट्र सेवेची. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा (१,७५० गुण) आणि मुलाखत (२७५ गुण). गुणानुक्रम आणि उमेदवाराने दिलेला पसंतीक्रम यांवर सेवा ठरते. २०२३ च्या परीक्षेतून या सेवेत ३७ जागा होत्या. २०२४ च्या परीक्षेत त्या ५५ झाल्या.

या सेवेत महिलांची वाट सोपी नव्हती. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये सेवेत दाखल होणाऱ्या पहिल्या महिला. लग्न करायचे तर सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि कुटुंबामुळे कामावर परिणाम होतो असे सरकारला वाटले तर राजीनामा मागता येई. हा नियम फक्त महिलांना होता. बढती नाकारल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांच्या पीठाने अशा भेदभावावर कडक ताशेरे ओढले आणि सेवानियम तपासून पाहण्यास सरकारला सांगितले.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

सुरुवात मसुरीच्या लाल बहादूर शास्त्री अकादमीत, इतर सेवांच्या अधिकाऱ्यांबरोबर पायाभूत अभ्यासक्रमाने. त्यानंतरचे प्रशिक्षण दिल्लीत, सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत. ही संस्था १९८६ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये तिला दिवंगत परराष्ट्रमंत्र्यांचे नाव देण्यात आले.

इथे आंतरराष्ट्रीय संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार आणि अर्थकारण, वाटाघाटी, मसुदा लेखन, माध्यमांशी बोलणे, राजशिष्टाचार असे विषय असतात. भारत दर्शन, लष्करी दलांबरोबर काही दिवस, एखाद्या राज्यात आणि जिल्ह्यात काही दिवस आणि परदेशातील एखाद्या भारतीय दूतावासात थोडा काळ असा प्रत्यक्ष अनुभवही असतो. परदेशात भारताविषयी बोलायचे तर आधी भारत पाहिलेला असावा, हा त्यामागचा विचार. मग मंत्रालयाच्या एखाद्या विभागात काम शिकायचे आणि त्यानंतर पहिली परदेशी नेमणूक. हुद्दा तृतीय सचिव आणि मुख्य काम एक परकीय भाषा शिकणे.

पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक, मिनिस्टर आणि शेवटी राजदूत अशी चढण असते. राष्ट्रकुल देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, एवढाच फरक. मधल्या टप्प्यांवरही प्रशिक्षणाचे वर्ग असतात. शिवाय अनेक देशांचे अधिकारी याच संस्थेत शिकायला येतात. २०१८ मध्ये भारत आणि चीन यांनी मिळून अफगाणिस्तानच्या तरुण अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले होते. डोकलामचा पेच सुटून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

भाषेवर इतका भर का?

प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक भाषा नेमून दिली जाते. चिनी, अरबी, रशियन, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, फारसी अशी ही यादी आहे. ती शक्यतो त्या देशात राहून शिकायची आणि परीक्षा उत्तीर्ण व्हायचे. त्याशिवाय सेवेत कायम होता येत नाही.

दुभाषे आणि भाषांतराची अ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. पण भाषांतर शब्दांचे होते. समोरचा ‘विचार करू’ म्हणतो तेव्हा ते होकारार्थी आहे की नम्र नकार, हे भाषा आणि माणसे दोन्ही ओळखणाऱ्यालाच कळते. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी सुरुवातीलाच चिनी भाषा शिकली आणि कारकीर्दीचा मोठा भाग चीनशी संबंधित कामात घालवला. २०१७ मध्ये डोकलामचा पेच निर्माण झाला तेव्हा बीजिंगमध्ये भारताचे राजदूत तेच होते. सत्तरहून अधिक दिवस समोरासमोर उभ्या असलेल्या फौजा गोळीबाराविना मागे आल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकून टोकियोत गेले. पुढे मंत्रालयात सचिव असताना टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. जिल्ह्याच्या गावी पासपोर्ट मिळू लागला तो त्यामुळे.

एका शब्दाने खरेच फरक पडतो का?

पडतो. अरब-इस्रायल युद्धानंतर १९६७ मध्ये सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात इस्रायलने ‘व्याप्त प्रदेशांतून’ माघार घ्यावी असे आहे, पण प्रदेशांच्या आधी ‘द’ हा शब्द नाही. म्हणून काही प्रदेशांतून की सर्व प्रदेशांतून, हा वाद सुरू झाला. फ्रेंच मसुद्यातून ‘सर्व’ असा अर्थ निघतो. पन्नासहून अधिक वर्षे झाली, वाद तसाच आहे.

२०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या वेळी अखेरच्या तासांत मसुद्यात श्रीमंत देशांच्या जबाबदारीबद्दल ‘शुड’ऐवजी ‘शॅल’ आल्याचे अमेरिकेच्या लक्षात आले. ‘शुड’ म्हणजे अपेक्षा, ‘शॅल’ म्हणजे कायदेशीर बंधन. शब्द बदलला नसता तर अमेरिकेची सहीच अडली असती. २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करणे असा शब्द भारताने अखेरच्या क्षणी सुचवला आणि तो मान्य झाला. त्यावर टीका झाली. पण विजेसाठी कोळशावर अवलंबून असलेल्या देशासाठी त्या एका शब्दात कित्येक वर्षांची सवड होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेत युक्रेनवरील परिच्छेदावर एकमत घडवायला २०० तासांहून अधिक वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका आणि १५ मसुदे लागले, असे भारताचे तत्कालीन शेर्पा अमिताभ कांत यांनी सांगितले होते. रशिया आणि अमेरिका दोघेही सही करतील असे वाक्य लिहिणे हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते वरिष्ठांच्या शेजारी बसून, मसुदे खोडत शिकावे लागते.

भारताकडे असे अधिकारी आहेत तरी किती?

खरी अडचण इथे आहे. संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीच्या २०२३ मधील अहवालानुसार परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या अवघी १,०११ आहे. त्यातील ६६७ परदेशात आणि ३३४ दिल्लीतील मुख्यालयात होते. मंत्रालयात इतर संवर्गांचे मिळून ४,८८८ कर्मचारी आहेत, पण वाटाघाटींचा भार मुख्यतः या हजार जणांवर असतो.

ऑस्ट्रेलियातील लोवी इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या निर्देशांकानुसार चीनची जगभरात २७४ राजनैतिक कार्यालये आहेत, अमेरिकेची २७१. भारत १९४ कार्यालयांसह ११ व्या स्थानी आहे. आता साधा भागाकार करू. ६६७ अधिकारी भागिले १९४ कार्यालये, उत्तर साडेतीनच्या आत येते. वॉशिंग्टन, बीजिंग, न्यूयॉर्क अशा मोठ्या ठिकाणी बरेच अधिकारी लागतात. म्हणजे लहान देशांत एक-दोन अधिकाऱ्यांवरच राजकारण, व्यापार, व्हिसा, संस्कृती आणि अडचणीतले भारतीय असे सगळे येते. २०१८ मध्ये आफ्रिकेत १८ नवी कार्यालये उघडण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. इमारत भाड्याने मिळते. दहा वर्षांचा अनुभव असलेला अधिकारी भाड्याने मिळत नाही.

पैशांचेही तसेच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयासाठी सुमारे २०,५१६ कोटी रुपयांची तरतूद होती, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या ०.४ टक्के. त्यातील मोठा वाटा शेजारी देशांच्या मदतीवर जातो. एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी होते.

इतर देश काय करतात?

राजनैतिक प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया तेरेसा यांनी १७५४ मध्ये व्हिएन्नात पौर्वात्य भाषा शिकवणारी अकादमी सुरू केली. आजची व्हिएन्नाची राजनैतिक अकादमी तिचीच वारस. ब्राझीलने १९४५ मध्ये रिओ ब्रांको संस्था स्थापन केली. तिथे परराष्ट्र सेवेसाठी स्वतंत्र आणि अवघड परीक्षा असते. चीनने १९५५ मध्ये या कामासाठी खास विद्यापीठ काढले. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेत चिनी, अरबी, जपानी, कोरियन या भाषांसाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरले जातात.

अर्थात उलटी दिशाही दिसते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १,३०० हून अधिक कर्मचाऱ्यांना कमी केले. त्यात परराष्ट्र सेवेतील अधिकारीही होते. नेते थेट बोलत असतील तर एवढी यंत्रणा कशाला, असा एक विचार जगात बळावतो आहे. पण नेते बोलतात ते काही मिनिटे. त्याआधी काय बोलायचे आणि नंतर ते कागदावर कसे उतरवायचे, हे ठरवणारी माणसे गेली की ती पुन्हा तयार व्हायला वर्षे लागतात.

वेगळी परीक्षा हवी की तज्ज्ञांची थेट भरती?

हा वाद जुना आहे. शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने २०१६ मध्ये परराष्ट्र सेवेची भरती, स्वतंत्र यूपीएससी परीक्षा, कारकीर्दीच्या मध्यावर बाहेरून प्रवेश आणि सेवांतर्गत प्रशिक्षण हे सगळे मुद्दे अभ्यासले होते. वेगळ्या परीक्षेच्या बाजूने सांगितले जाते की भाषा, जगाचे भान आणि माणसांशी बोलण्याची हातोटी तपासणारी परीक्षा वेगळीच असायला हवी. आयएएस हुकले म्हणून परराष्ट्र सेवेत आलेला आणि मनापासून आलेला यांत फरक पडतो. विरोधात म्हटले जाते की एकाच परीक्षेमुळे गावखेड्यातील, प्रादेशिक भाषेत शिकलेली मुलेही इथे पोहोचतात. इंग्रजी आणि शिष्टाचारावर भर देणारी वेगळी परीक्षा काढली तर सेवा पुन्हा महानगरांतील मोजक्या घरांची होईल.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परीक्षेपेक्षा महत्त्वाचे नंतर काय होते ते. नागरी सेवांत अभियंत्यांचे प्रमाण मोठे आहे. परराष्ट्र सेवेतील अभियंत्याला चिप किंवा सायबर कराराचे काम मिळाले तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग होतो. पण दर तीन वर्षांनी देश आणि विषय दोन्ही बदलले तर तज्ज्ञता साचत नाही. अधिकाऱ्याने सर्व विषयांत थोडे-थोडे जाणावे ही जुनी पद्धत. आता एक भाषा, एक प्रदेश आणि एक विषय यांवर पक्की पकड असावी, अशी मागणी वाढते आहे. बाकीच्यांसाठी बाहेरचे तज्ज्ञ सोबतीला घेता येतात, फक्त त्यांना कामाचा दर्जा आणि कालावधी नीट ठरवून द्यायला हवा.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम हिरावून घेईल का?

काही कामे नक्कीच हलकी होतील. परदेशी वर्तमानपत्रांचा गोषवारा, जुन्या करारांतील कलमे शोधणे, भाषांतराचा पहिला खर्डा हे यंत्र पटकन करते. धोकाही तिथेच आहे. गोपनीय मजकूर बाहेरच्या सेवेत टाकला की तो गोपनीय राहतोच असे नाही. २०१० मध्ये विकिलीक्सने अमेरिकी दूतावासांच्या अडीच लाख तारा उघड केल्या, तेव्हा खासगीत मोकळेपणाने बोललेले अनेक जण उघडे पडले. त्यात आता बनावट आवाज आणि चित्रफितींची भर पडली आहे. समोरच्या मंत्र्याचा फोन खरा की खोटा, हे ओळखणे हाही प्रशिक्षणाचा भाग व्हायला हवा.

यंत्राला एक गोष्ट देता येत नाही, ती म्हणजे शब्द. रात्री दोन वाजता सीमेवरच्या अधिकाऱ्याला फोन करून ‘माझ्या शब्दावर ही बस सोडा’ असे सांगता यावे लागते, आणि त्याने ते ऐकावे एवढी ओळख आधीच झालेली असावी लागते.

पुढे काय?

२०२४ च्या परीक्षेतून वाढलेल्या जागा ही चांगली सुरुवात आहे. पण आज निवडलेला अधिकारी मसुरी, दिल्ली आणि भाषेचे प्रशिक्षण संपवून कामाला लागायला काही वर्षे जातात, आणि मोठ्या वाटाघाटीत नेतृत्व करायला आणखी दीड-दोन दशके. म्हणजे २०४५ मध्ये भारताच्या वतीने टेबलाशी कोण बसणार, हे आताच ठरते आहे. परराष्ट्र सेवेकडे वळू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी म्हणूनच केवळ चालू घडामोडींवर थांबू नये. एखादी परकीय भाषा आतापासून शिकायला घ्यावी, आपल्या जिल्ह्यातून परदेशात काय जाते आणि कुठे अडते ते पाहावे. रत्नागिरीच्या आंब्याची पेटी किंवा नाशिकच्या द्राक्षांचा कंटेनर बंदरातून परत का आला, या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालात तर परराष्ट्र धोरणाचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच पुरा होतो.